सण त्याच्या दिवशीच राहू द्या

पुणे धर्मप्रांतातील धर्मगुरू आणि धर्मग्राम परिषदांच्या सदस्यांना खुले पत्र

आदरणीय फादर आणि परिषदेतल्या बंधूभगिनींनो,

जय ख्रिस्त.

आमच्या धर्मग्रामाचं, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समाजाचं, नाव मी या पत्रात लिहीत नाही. गाऱ्हाणं एकट्या आमच्या चर्चचं नाही, आणि ज्या निर्णयाबद्दल लिहिते आहे तो घेणाऱ्यांत मीही होते. माझं घर वडगाव शेरीत आहे. एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवून मी निवृत्त झाले आणि दोन वर्षं परिषदेवर होते. चर्चला ज्या संताचं नाव आहे त्या आश्रयदात्या संताचा सण त्याच्या तारखेऐवजी जवळच्या रविवारी करायचा विषय बैठकीत आला तेव्हा माझाही हात वर गेला होता. तो हात मागे घ्यायचा म्हणून हे पत्र.

यंदा जूनमध्ये आमच्या आश्रयदात्या संताचा सण कामाच्या वारी आला. सकाळी साडेसहाची रोजची मिस्सा, म्हणजे उपासना, झाली, तेवढीच. मोठी मिस्सा, मिरवणूक, जेवण हे सगळं पुढच्या रविवारी होतं. मला घरी बसवेना, म्हणून संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मी चर्चला गेले. पाऊस धरलेला होता. दरवाजा बंद होता. बाहेर ग्रोटोपाशी, मरियेच्या मूर्तीच्या दगडी गुहेपाशी, एक माणूस उकिडवा बसून मेणबत्ती पेटवायची खटपट करत होता. अंगात सिक्युरिटीचा निळा शर्ट, वर प्लास्टिकचा रेनकोट, भिंतीला टेकवलेल्या सायकलच्या हँडलला जेवणाचा डबा. काडेपेटी दमट झाली होती. एका काडीचं गूल ओढताच निसटलं, दुसरी फुरफुरून विझली. चौथी पेटली तेव्हा त्यांनी दोन्ही तळव्यांचा आडोसा करून ती वातीला लावली आणि ज्योत स्थिर होईपर्यंत हात तसेच धरून ठेवले.

मला पाहून त्यांनी विचारलं, "ताई, आज मिस्सा नाही का? सण ना आज?"

"सण रविवारी ठेवलाय, दादा."

"रविवारी माझी डबल ड्यूटी असते. दुसरा माणूस सुट्टीवर असतो ना. म्हणून आज ड्यूटीच्या आधी आलो." मग जरा थांबून म्हणाले, "पण सण आजच आहे ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी क्रुसाची खूण केली, सायकल काढली आणि गेले. मी मेणबत्ती विझेपर्यंत तिथे उभी होते.

रविवारच्या बाजूने आम्ही परिषदेत काय काय बोललो होतो ते मला नीट आठवतं. मुलांच्या शाळा असतात. आयटीतली तरुण मंडळी हिंजवडीहून, खराडीहून रात्री उशिरा घरी येतात. कॉयरला सरावाला वेळ मिळत नाही. मंडपवाला आणि केटरर रविवारचाच बरा. रविवारी गर्दी होते, लोक नटून-थटून येतात, चर्च भरल्यासारखं वाटतं. यातलं एकही कारण खोटं नव्हतं आणि कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या टेबलाभोवती बसलेल्या आम्हा सगळ्यांना रविवारी सुट्टी होती, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही.

पुण्यात रविवार कोणाकोणाचा असतो? सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनचा नसतो. घरकाम करणाऱ्या बायकांचा तर नसतोच. रविवारी घरोघरी पाहुणे, भांड्यांचा ढीग, वर "मावशी, आज जरा पंखे पुसून घ्या". विमाननगरच्या मॉलमध्ये उभं राहून काम करणाऱ्या मुलींचा नसतो, हॉटेलच्या भटारखान्यातल्या पोरांचा नसतो, दवाखान्यातल्या नर्सेसचा आणि आयांचा पाळीवर अवलंबून असतो. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांचा रविवार म्हणजे सगळ्यात जास्त धावपळीचा दिवस. आमच्या धर्मग्रामाच्या वहीत ही सगळी माणसं आहेत. त्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, मातीचे विधी आपल्याकडेच होतात. सण मात्र आपण त्यांच्या हाताला लागणार नाही असा ठेवला, आणि त्याला सोय म्हणालो.

आता थोडं माझ्या आईबद्दल.

आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, १९७२च्या दुष्काळानंतर राहुरी तालुक्यातून पुण्याला आले. आपल्यातली कितीतरी मराठी घरं अशीच नगर जिल्ह्यातून आलेली आहेत. दादा सेंट्रिंगच्या कामावर जायचे आणि आई बंडगार्डनच्या बाजूला चार घरची धुणीभांडी करायची. आई कामाला नाही म्हणायची नाही. ताप असला तरी जायची, पावसात चपला हातात घेऊन जायची. वर्षातून एकदाच ती चारही घरी जाऊन, चार दिवस आधी सांगायची, "वहिनी, आठ तारखेला माझ्या मतमाउलीचा सण आहे. मी येणार नाही." मतमाउली म्हणजे आपली पवित्र मरिया.

'येऊ का नको', 'चालेल का' असं ती विचारायची नाही. तिच्या तोंडचं वाक्य 'येणार नाही' असं असायचं. वर्षभर ज्या बाईचा आवाज त्या स्वयंपाकघरांत कोणी ऐकला नव्हता, तिचं हे एक वाक्य चारही घरांना ठाऊक झालं होतं. पहिल्या वर्षी एका घरी त्या दिवसाचे पैसे कापले. आईने ते निमूट सोसलं आणि पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी त्याच घरच्या वहिनींनी आदल्या दिवशी तिच्या हातात नारळ आणि पाच रुपये ठेवले आणि म्हणाल्या, "तुझ्या मावलीला माझ्याकडून."

आठ सप्टेंबरला सकाळी आई पत्र्याची ट्रंक उघडायची. डांबरगोळ्यांच्या वासाची हिरवी साडी बाहेर यायची. जमेल त्या वर्षी आम्ही एसटीने हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायचो, नाही जमलं तर इथेच मिस्सेला. परत आल्यावर ती पाय पसरून भिंतीला टेकून बसायची आणि दुपारभर काहीही करायची नाही. आईला काही न करता बसलेली मी वर्षभरात तेवढीच पाहिली.

पुढे आम्ही जिथे राहायला गेलो तिथे हा सण रविवारी व्हायला लागला. आईला आता कोणाला काही सांगावं लागेना, कारण रविवारी सकाळची दोन घरं उरकून ती मिस्सा गाठू शकायची. सोयीचं झालं. पण ते वाक्य गेलं. त्या चार घरांत मावलीचं नाव निघेनासं झालं, नारळ येईनासा झाला, आणि दुपारचं ते बसणंही गेलं, कारण रविवारी संध्याकाळी कामाला परत जायचं असायचं. त्या वेळी मला यात काहीच हरवलेलं दिसलं नाही. ग्रोटोपाशी त्या दादांना मेणबत्ती लावताना पाहिलं तेव्हा दिसलं.

फादर, निर्गमच्या पाचव्या अध्यायावर तुम्ही कितीदा प्रवचन केलं असेल. मोशे आणि अहरोन फारोपुढे उभे राहतात तेव्हा राज्य मागत नाहीत, मजुरी वाढवून मागत नाहीत. माझ्या लोकांना रानात माझा सण करायला जाऊ दे, हा देवाचा निरोप ते सांगतात. सणासाठी रजा, एवढंच पहिलं मागणं होतं. आणि फारोचं उत्तर काय, तर हे लोक आळशी झालेत, यांना काम कमी आहे, विटांसाठी पेंढा देणं बंद करा आणि विटा मात्र तेवढ्याच मोजून घ्या. हा उतारा वाचला की मला त्या चार घरांच्या दारांत उभी असलेली आई दिसते. कामाच्या वारी आलेला सण मागून घ्यावा लागतो, आणि मागताना आपण कोण आहोत हे सांगावं लागतं. माझ्या आईला शुभवर्तमान वाचून दाखवता येत नव्हतं. तिची साक्ष त्या एका वाक्यात होती.

तारखेचा एवढा आग्रह कशाला, असं कोणी म्हणेल. देवाला काय सोमवार आणि काय रविवार. मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण संतांचे सण बहुतेक त्यांच्या मरणाच्या दिवशी येतात, हे आपल्या मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. आपण पुण्यतिथी पाळणारी माणसं. ३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियरचा सण करतो, कारण १५५२ साली त्या तारखेला चीनच्या दाराशी, सान्शियान बेटावर त्यांनी देह ठेवला. ख्रिस्तसभा या दिवसाला स्वर्गातला जन्मदिवस मानते. तुकाराम बीज रविवारी सरकवा, असं देहूत कोणी म्हणेल का?

पृथ्वीवरचा जन्म म्हणून चर्चच्या कॅलेंडरात तीनच सण आहेत. प्रभू येशूचा, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा आणि पवित्र मरियेचा. यांच्या तारखा एकमेकींत कशा गुंफल्या आहेत ते आईने मला बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं होतं. ८ डिसेंबरला मरियेचा निष्कलंक गर्भसंभव, तिथून नऊ महिने मोजले की ८ सप्टेंबर, तिचा जन्म. २५ मार्चला गॅब्रिएल दूताचा निरोप, तिथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर, नाताळ. निरोप आला तेव्हा योहानाच्या आईला, अलिशिबेला, सहावा महिना होता, म्हणून योहानाचा जन्म तीन महिन्यांनी, २४ जूनला. "कॅलेंडर करणाऱ्याला बाईचे दिवस मोजता येत होते," आई म्हणायची. अक्षरओळख नसलेल्या बाईला आपला विश्वास हाताच्या पेरांवर धरता आला तो या तारखांमुळे. सण जवळच्या रविवारी गेला की ही मोजणी मोडते, आणि तिच्या जागी काही येत नाही.

इस्टरला तारीख नाही, पण चंद्र आहे. वसंत संपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार. पुष्कळ वर्षी ती आपली चैत्र पौर्णिमाच असते. २०२६ मध्ये पवित्र गुरुवार २ एप्रिलला आला आणि चैत्र पौर्णिमाही त्याच दिवशी होती. पाय धुण्याचा विधी झाल्यावर रात्रीच्या जागरणाला बसलेल्या कोणी बाहेर येऊन वर पाहिलं असेल, तर येशूला धरलं गेलं त्या रात्री गेथशेमाने बागेतही असंच चांदणं असणार, हे त्याला कोणी सांगायला लागलं नसेल.

चर्च स्वतः सण हलवतं, हे मी जाणून आहे. २०२४ मध्ये २५ मार्च पवित्र आठवड्यात आला म्हणून तो सण ८ एप्रिलला गेला. त्याच वर्षी ८ डिसेंबर आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळातल्या, रविवारी आला तेव्हा नियमाप्रमाणे सण सोमवारी, ९ तारखेला सरकला. हे जरा लक्षात घ्या. आगमनकाळाचा रविवार मोठा, म्हणून सण रविवारवरून कामाच्या वारावर ढकलला गेला. कामाचा वार चर्चला सणासाठी परका वाटत नाही. कोणता दिवस कोणाहून मोठा हे ठरवून हलवणं वेगळं आणि मंडपवाल्याच्या तारखा बघून हलवणं वेगळं.

नियमांचंच बोलायचं तर धर्मसंहितेच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, १२४६व्या कलमात रविवारखेरीज दहा सण सांगितले आहेत आणि त्यातले काही रद्द करायची किंवा रविवारी न्यायची मुभा बिशपांच्या परिषदेला, परमपीठाच्या, म्हणजे रोमच्या, संमतीने, दिली आहे. आपल्याकडे प्रकटीकरणाचा सण, स्वर्गारोहण आणि ख्रिस्तशरीराचा सण रविवारी येतात ते त्यामुळे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आश्रयदात्या संताचा सण सहसा त्या दहांत नसतो आणि सामान्यकाळातल्या रविवारी तो साजरा करायला परवानगी आहे, हेही मला माहीत आहे. म्हणजे आमच्या परिषदेने काही नियमबाह्य केलं नाही. पण पुढचं कलम, १२४७, आवर्जून वाचावं. बंधनकारक दिवशी मिस्सेला जा, एवढं सांगून ते थांबत नाही. उपासनेच्या, त्या दिवसाच्या आनंदाच्या आणि तनामनाच्या विश्रांतीच्या आड येणारी कामं बाजूला ठेवा, असं ते सांगतं. सण म्हणजे कामातून सुटलेला दिवस, ही समज कायद्याच्या भाषेतही आहे. आधीच सुट्टी असलेल्या दिवशी सण नेऊन ठेवला, तर सुटायचं कशातून?

शिवाय आश्रयदात्या संताचा दिवस ही त्या त्या चर्चची स्वतःची ठेव असते. १७ मार्चला संत पॅट्रिकचा दिवस जगभरच्या चर्चच्या कॅलेंडरात ऐच्छिक स्मरणदिन आहे, पाळला तर पाळला. पण आपल्या पुण्याच्या कॅथेड्रलला, म्हणजे बिशपांच्या चर्चला, त्याचं नाव आहे, म्हणून तिथे तो महोत्सव ठरतो, आणि ऐन उपवासकाळात, एरवी ग्लोरिया हे स्तुतिगीत बंद असताना, त्या एका छपराखाली तो गायचा असतो. बाकी सगळीकडे साधा दिवस आणि आपल्या घरी दिवाळी. आपल्या चर्चला असा एक दिवस मिळतो. तोच दिवस आपण रिकामा, बंद दरवाजाचा ठेवायचा?

पुण्यासारख्या गावात राहून आपल्याला हे शिकायला लांब जावं लागू नये. ज्येष्ठात पालख्या येतात. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, ज्ञानोबांची भवानी पेठेत. वार कोणताही असो. शहर आपली वाहतूक वळवतं, शाळा लवकर सुटतात, लोक ऑफिसला सांगून रस्त्यावर येऊन उभे राहतात, कारण पालखी रविवारची वाट बघत नाही. त्याच नाना पेठेत आपलं सिटी चर्च आहे. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये त्याला जागा दिली, कारण त्यांच्या फौजेत कॅथलिक माणसं होती आणि त्यांना उपासनेला ठिकाण नव्हतं. चाकरी करणाऱ्यांना आपल्या देवाचा दिवस पाळता यावा, एवढ्यासाठी दिलेली ती जमीन आहे. निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाचं ते चर्च, म्हणजे त्याचा दिवस ८ डिसेंबर. पेशव्यांच्या चाकरीतल्या शिपायांसाठी जी सोय झाली ती आजच्या सिक्युरिटीच्या शिपायाला आपण नाकारावी, हे मला पटत नाही.

आणि एक ८ सप्टेंबर बघा. आपल्या धर्मग्रामांत मंगळूरची घरं आहेत. त्यांची मुलं नऊ दिवस मरियेला फुलं वाहतात आणि सणाला नव्या भाताची लोंबी आशीर्वादित करून घरी नेऊन दुधात किंवा खिरीत घालून सगळ्यांनी मिळून खातात. तमिळ घरं २९ ऑगस्टला वेलांकनी मातेचा झेंडा चढला की नऊ दिवस भगवी वस्त्रं घालतात, उपवास करतात. आपली मराठी घरं मतमाउलीच्या नावाने नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करतात. तीन भाषा, तीन तऱ्हा, पण तारीख एक. एरवी वेगवेगळ्या वेळच्या मिस्सेला येणारी, जिन्यात नुसतं हसून पुढे जाणारी ही माणसं त्या एका दिवशी एकमेकांचा सण ओळखतात. माझ्या शेजारच्या मंगळुरी आजींनी एकदा मला त्या खिरीची वाटी दिली आणि मी त्यांना पुरणपोळी दिली, दोघींचा सण त्याच दिवशी होता म्हणून. प्रत्येकाने आपापला सोयीचा रविवार धरला असता तर ती वाटी आली नसती.

जेवणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. आमच्याकडे रविवारच्या सणाला जेवणाचं कूपन असतं. दर पाहिला तर फार नाही, पण पाच माणसांच्या घराला, ज्यात कमावणारी एक बाई आहे, तो फार आहे. गेल्या वर्षी मिस्सा संपल्यावर मी पाहिलं की काही घरं मंडपाच्या कडेने, मुलांचे हात घट्ट धरून, लगबगीने फाटकाकडे निघाली होती. मुलं मागे वळून बघत होती. परमप्रसादाच्या रांगेत आम्ही सगळे एकामागे एक उभे होतो आणि पंधरा मिनिटांनी एका कागदाच्या चिटोऱ्यावरून आमचे दोन भाग झाले. पौलाने करिंथच्या लोकांना याचसाठी किती कडक शब्दांत लिहिलं आहे, एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो म्हणून. रविवारचा मोठा सण म्हटला की मंडप मोठा, केटरर मोठा, खर्च मोठा आणि मग कूपन आलंच. खुद्द सणाच्या दिवशी संध्याकाळी कोणी केटरर लावायला सांगत नाही. प्रत्येक घराने जमेल ते आणावं, कोणी भाकरी, कोणी इडल्या, कोणी पाव, कोणी नुसतं येऊन पाणी वाढावं. आमच्या गावी असंच व्हायचं. मास्तर घंटा वाजवायचे, भजनी मंडळाची पेटी-मृदंग सुरू व्हायची आणि देवळापुढे सगळ्यांच्या भाकऱ्या एका फडक्यावर पडायच्या.

आता मागणं सांगते. ते मोठं नाही.

आश्रयदात्या संताचा सण ज्या तारखेला असेल त्या तारखेला दरवाजा उघडा असावा. पहाटे साडेपाचला एक मिस्सा, घरकामाला आणि सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांसाठी. रात्री साडेआठला एक, कामावरून परतणाऱ्यांसाठी. रात्रपाळीवाल्यांसाठी आदल्या संध्याकाळची मिस्साही ठेवता येईल. बंधनकारक दिवसांसाठी चर्च आदल्या संध्याकाळची मिस्सा धरतंच, मग आपल्या सणाला ती का नको? तुम्ही फादर मंडळी थोडी आहात आणि कामं पुष्कळ आहेत हे आम्हाला दिसतं. या तिन्ही मिस्सा एकाच फादरांनी कराव्यात असं माझं म्हणणं नाही. रामवाडीला पेपल सेमिनरी आहे, डी नोबिली कॉलेज आहे. तिथल्या धर्मगुरूंना सणाच्या एका मिस्सेसाठी बोलावलं तर ते येतील, असं मला वाटतं. कॉयर नसेल तर आम्ही बायका गाऊ. मराठी गाणी आम्हाला पाठ आहेत, पुस्तकही लागत नाही.

रविवारचा कार्यक्रमही राहू दे. मुलांचे खेळ, संगीत, स्नेहसंमेलन, हे सगळं त्याला शोभतं. फक्त त्याला सण म्हणू नका, त्याला सणानंतरचा रविवार म्हणा.

आणि सणाच्या आधीच्या रविवारी मिस्सा संपताना सूचना वाचल्या जातात, तेव्हा एक वाक्य जास्त वाचा. अमुक वारी आपला सण आहे, ज्यांना जमेल त्यांनी त्या दिवशी कामावर रजा सांगावी, अर्धा दिवस तरी सांगावी. वेदीवरून हे कोणी म्हटलं की रजा सांगायला बळ येतं. माझ्या आईला ते बळ कुठून आलं होतं हे मी तिला विचारायचं राहून गेलं. पण गावी सणाच्या आधी मास्तर घरोघर फिरून सांगायचे, उद्या खुरपायला कोणी जायचं नाही, हे मात्र ती नेहमी सांगायची. माझ्यासारख्या ज्यांच्या घरी आज कामाला मावशी येतात, त्यांनाही एक सांगा. त्या मावशी आपल्याच धर्मग्रामातल्या असल्या तर सणाच्या दिवशी त्यांना बोलावू नका आणि पैसे कापू नका. त्या आपल्या नसल्या, तर त्यांचा जो सण असेल त्या दिवशी असंच करा.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी नवं उपासनावर्ष सुरू होतं आणि त्याच्या आधी पुढच्या वर्षाच्या तारखा परिषदेत ठरतात. त्या बैठकीपुढे हे पत्र वाचलं जावं, एवढी विनंती. बैठकीला मला बोलावलं तर येईन. जमलं तर एखादा वॉचमन, एखादी घरकाम करणारी बहीण यांनाही बोलवा आणि बैठक त्यांना जमेल अशा वेळी ठेवा.

त्या संध्याकाळी सायकल काढताना त्या दादांना मी विचारून घेतलं होतं की ते कुठल्या सोसायटीच्या गेटवर असतात. माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. पुढच्या जूनमध्ये सणाच्या दिवशी मिस्सा किती वाजता आहे ते ठरलं की मला कळवा. मी जाऊन त्यांना सांगेन.

आपली,
ख्रिस्तामध्ये एक बहीण
वडगाव शेरी, पुणे